खजुराच्या बाजारात छोटा कॅमेरा

नवा कॅमेरा घेतलेला माणूस पहिल्या आठवड्यात जे फोटो इतरांना दाखवतो, ते बहुतेक वेळा एकसारखे असतात. गॅलरीतली जास्वंद, टेबलावरचा चहाचा कप, झोपलेले मांजर, संध्याकाळचे केशरी आकाश. सोबत दोन ओळींचे मत असते : रंग सुरेख येतात, हातात हलका वाटतो, पैसे वसूल झाले. हे मत खोटे नसते. पण कॅमेरा घ्यावा की नाही या विचारात असलेल्या माणसाला त्यातून काहीच मिळत नाही, कारण गेल्या दहा वर्षांत बाजारात आलेला कोणताही बरा कॅमेरा जास्वंदीचा फोटो चांगलाच काढतो. कॅमेरा कुठे अडतो हे समजले, तरच तो कसा आहे हे समजते, आणि त्यासाठी त्याला अवघड जागी न्यावे लागते. छोट्या मिररलेस कॅमेऱ्यांबद्दल सध्या भरपूर बोलले जाते, म्हणून त्यांच्यासाठी एक अवघड जागा इथे सुचवतो : सौदी अरेबियातल्या बुरैदा शहरातला खजुराचा बाजार. पहिले मत बनवायचे ते अशा ठिकाणी बनवावे, आणि फोटो दाखवताना ठिकाण, वेळ आणि परिस्थितीही सांगावी, असे माझे म्हणणे आहे.

बुरैदा ही अल-कसीम प्रांताची राजधानी. रियाधपासून वायव्येला साधारण साडेतीनशे किलोमीटरवर, वादी अल-रुम्मा या कोरड्या नदीपात्राच्या परिसरात ती वसली आहे. आसपास लाखो खजुराची झाडे आहेत, आणि ऑगस्टपासून पुढे काही आठवडे चालणारा इथला खजूर महोत्सव जगातल्या सर्वांत मोठ्या खजूर बाजारांमध्ये गणला जातो. २०२१ मध्ये युनेस्कोने खाद्यसंस्कृतीसाठीच्या सर्जनशील शहरांच्या यादीत बुरैद्याचा समावेश केला. सोनेरी, मऊ सुक्करी हा इथला मानाचा खजूर. पहाटेपूर्वीच पिकअप गाड्या रांगा लावतात, मागच्या फाळक्यांवर खजुराची खोकी उघडी मांडली जातात, आणि दलाल एकेका गाडीपाशी थांबून बोली पुकारतात. हमाली, मोजणी, बांधणी या कामांत भारतीय उपखंडातले कामगारही दिसतात. सौदीत राहणाऱ्या भारतीयांची संख्या वीस लाखांहून अधिक आहे, आणि रत्नागिरी-रायगडच्या कितीतरी घरांतली माणसे पिढ्यान्‌पिढ्या आखातात नोकरीला जात आली आहेत. अशा घरांत कॅमेरा बऱ्याचदा आखातातूनच येतो. म्हणून तिथल्या उन्हातली त्याची परीक्षा मराठी वाचकाला वाटते तितकी परकी नाही.

आधी कॅमेऱ्याविषयी थोडे. जुन्या डीएसएलआर कॅमेऱ्यात भिंगामागे एक तिरका आरसा असतो. भिंगातून आलेला प्रकाश तो वर वळवतो आणि आपल्याला व्ह्यूफाइंडरमध्ये समोरचे दृश्य दिसते. बटण दाबले की आरसा उचलला जातो आणि प्रकाश सेन्सरवर पडतो. आरसा हलायला जागा लागते, म्हणून भिंग सेन्सरपासून लांब बसवावे लागते. निकॉनच्या जुन्या एफ माउंटमध्ये हे अंतर ४६.५ मिलिमीटर होते, आरसा गेल्यावर आलेल्या झेड माउंटमध्ये ते १६ मिलिमीटर झाले. कॅननमध्ये ४४ चे २० झाले. कॅमेरा पातळ झाला तो इथे. पॅनासॉनिकने २००८ मध्ये जी-१ हे मॉडेल आणले, तेव्हापासून मिररलेसची ही जात खऱ्या अर्थाने बाजारात रुळली, आणि २०२० मध्ये जपानी कंपन्यांच्या संघटनेच्या आकडेवारीत मिररलेसने डीएसएलआरला मागे टाकले. तरीही आरसा नसलेला कॅमेरा ही नवी कल्पना नाही. १९२५ मध्ये लाइप्झिगच्या मेळ्यात मांडलेल्या लायकामध्येही आरसा नव्हता. आजही मोठ्या सेन्सरचे ३६ बाय २४ मिलिमीटर हे माप त्या लायकाच्या फिल्मच्या चौकटीवरूनच आलेले आहे. खिशात मावणारा आणि तरी गंभीर कामाचा कॅमेरा ही इच्छा शंभर वर्षांची आहे.

आता ऊन. बुरैदा २६ अंश उत्तर अक्षांशावर आहे. ऑगस्टच्या मध्याला दुपारी सूर्य तिथे क्षितिजापासून सुमारे ७८ अंशांवर, म्हणजे जवळजवळ डोक्यावर असतो. माणसांच्या अंगावर पांढराशुभ्र थोब म्हणजे पायघोळ झगा, डोक्यावर कपाळापुढे आलेला रुमाल, त्याच्या सावलीत सावळा चेहरा. छायाचित्रकाराला यापेक्षा कठीण चौकट क्वचितच मिळेल. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक समोरच्या सगळ्या दृश्याची सरासरी मध्यम करड्या छटेची असेल असे गृहीत धरतो. पांढरे कपडे भरपूर असले की तो प्रकाश कमी करतो, थोब राखाडी येतो आणि डोळे काळ्या खळग्यांत बुडतात. उलट चेहऱ्यावर प्रकाश बेतला, तर थोबाच्या चुण्या नाहीशा होऊन कोरा पांढरा डाग उरतो, आणि त्या चुण्या नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरने परत आणता येत नाहीत. डीएसएलआरच्या काचेतून आपल्याला डोळ्यांना दिसते तेच दृश्य दिसते, फोटो कसा येईल ते नंतर पडद्यावर पाहावे लागते. मिररलेसचा इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर मात्र बटण दाबण्याआधीच येणारा फोटो दाखवतो. पांढरा भाग जळत असेल तर अनेक कॅमेऱ्यांत त्यावर सरकत्या रेषा उमटतात, प्रकाशाचा आलेख कोपऱ्यात दिसतो, आणि अंगठ्याच्या एका फिरकीने दुरुस्ती होते. आरसा काढून टाकल्याचा सर्वांत मोठा फायदा वजनात आहे असे सगळे म्हणतात. माझ्या मते तो इथे आहे, आणि तो सावलीतल्या मांजराच्या फोटोत कधीच लक्षात येणार नाही.

म्हणूनच छोट्या कॅमेऱ्यांबाबत एक गोष्ट मला मनापासून खटकते. आकार आणखी घटवायचा म्हटले की अनेक कंपन्या सर्वांत आधी व्ह्यूफाइंडर काढून टाकतात. २०२४ चा पॅनासॉनिक एस-९ आणि २०२५ चा सिग्मा बीएफ ही अलीकडची उदाहरणे. दोन्ही देखणे आहेत, दोघांचाही सेन्सर मोठा आहे. पण भर उन्हात मागचा पडदा जवळजवळ आरशासारखा होतो, त्यात आपलाच चेहरा आणि आभाळ दिसते. थोबावरची सरकती रेषा तिथे कोण पाहणार? घरात बसून लिहिलेल्या पहिल्या मतात या उणिवेचा साधा उल्लेखही नसतो, बुरैद्यातल्या मताची मात्र ती पहिली ओळ असेल.

उन्हाचा दुसरा हिशेब जुन्या फिल्मवाल्यांना तोंडपाठ असतो. स्वच्छ उन्हात भिंगाचे छिद्र एफ १६ ठेवले, तर शटरचा वेग आयएसओच्या आकड्याइतका ठेवायचा, म्हणजे आयएसओ १०० असेल तर सेकंदाचा शंभरावा भाग. आता छोट्या कॅमेऱ्याबरोबर मिळणाऱ्या एफ २ च्या भिंगाची जाहिरात असते ती पार्श्वभूमी धूसर करण्यासाठी. एफ १६ पासून एफ २ पर्यंत सहा पायऱ्या आहेत, म्हणजे चौसष्टपट प्रकाश. तेव्हा शटर लागेल सेकंदाच्या ६४०० व्या भागाचे. अनेक छोट्या कॅमेऱ्यांचे यांत्रिक शटर ४००० व्या भागाशी थांबते. पुढे एकतर इलेक्ट्रॉनिक शटर वापरायचे, नाहीतर भिंगापुढे प्रकाश अडवणारी करडी काच लावायची. फुजीच्या एक्स-१००-व्ही-आय या २०२४ च्या कॅमेऱ्यात अशी काच आतच बसवलेली आहे आणि ती चार पायऱ्या प्रकाश कमी करते. माहितीपत्रकात ही सोय एका ओळीत उरकलेली असते. दुपारी बाराच्या उन्हात तिचे मोल कळते.

इलेक्ट्रॉनिक शटरची गोष्ट मात्र पहाटेच्या बोलीत वेगळी होते. सेन्सर तेव्हा ओळीओळीने वाचला जातो, वरची ओळ आधी, खालची नंतर. हलती वस्तू तिरकी होते, हे पुष्कळांना ठाऊक असते. बाजारातल्या दिव्यांचा त्रास कमी लोकांना ठाऊक असतो. अनेक एलईडी दिवे विजेच्या तालावर लुकलुकतात. ते डोळ्यांना दिसत नाही, पण ओळीओळीने वाचणाऱ्या सेन्सरला दिसते आणि फोटोवर आडवे काळे पट्टे पडतात. सौदीत विजेची वारंवारता ६० हर्ट्‌झ, भारतात ५०. त्यामुळे बुरैद्यात शटर सेकंदाच्या ६० व्या किंवा १२० व्या भागावर ठेवले तर पट्टे टळतात, तर तीच सेटिंग घेऊन माणूस सुट्टीत चिपळूणला आला आणि लग्नाच्या मांडवात व्हिडिओ काढू लागला, की चित्र फडफडते. तिथे ५० किंवा १०० हवे. या एवढ्या माहितीअभावी कितीतरी जण कॅमेऱ्याला नावे ठेवतात.

उष्णता आणि धूळ यांवर फार लांबण लावायचे कारण नाही, पण त्या टाळताही येत नाहीत. बहुतेक कॅमेऱ्यांच्या पुस्तिकेत वापराची कमाल मर्यादा ४० अंश सेल्सियस लिहिलेली असते. कसीमचा उन्हाळा ती सहज ओलांडतो, आणि उन्हात उभ्या गाडीच्या आत तापमान त्याच्याही कितीतरी वर जाते. छोट्या कॅमेऱ्याला उष्णता बाहेर टाकायला पृष्ठभाग कमी मिळतो, त्यामुळे सलग व्हिडिओ काढताना मोठ्या भावंडांच्या आधी तो दमतो आणि बंद पडतो. हा दोष कारागिरीचा म्हणता येणार नाही, आकाराची किंमत आहे ती. धुळीचेही तसेच. आरसा गेल्याने भिंग काढताच सेन्सर उघडा पडतो. कॅननने २०१८ च्या ईओएस आर मध्ये कॅमेरा बंद असताना शटर मिटून सेन्सर झाकण्याची सोय केली, पण सगळ्यांनी तिचे अनुकरण केलेले नाही. बुरैद्यातल्याच उंटांच्या बाजाराकडे, जिथे पायांखालची रेती सतत उडत असते, तिथे भिंग न बदलता येणारा कॅमेरा एकाएकी शहाणपणाचा वाटू लागतो. घरी तीच त्याची उणीव मानली जाते.

आतापर्यंत बोललो ते यंत्राविषयी. माझ्या लेखी त्याहून मोलाची परीक्षा माणसांची आहे. अरबस्तानाच्या छायाचित्रणाचा इतिहास वजनाचा इतिहास आहे. इजिप्तच्या सैन्यातले मुहम्मद सादिक बे यांनी १८६१ मध्ये मदिनेचे पहिले ज्ञात फोटो काढले, तेव्हा ओल्या काचा, रसायने आणि अंधारा तंबू यांचे ओझे प्राण्यांच्या पाठीवर होते. कुवेतमधले ब्रिटिश प्रतिनिधी कॅप्टन विल्यम शेक्सपियर यांनी १९१० मध्ये पुढे सौदी अरेबियाचे राजे झालेले इब्न सौद यांचा फोटो काढला. पुढे १९१४ च्या आपल्या मोठ्या प्रवासात ते बुरैद्यावरून गेले आणि जानेवारी १९१५ मध्ये जर्राबच्या लढाईत मारले गेले. ओल्या काचांच्या काळी फोटो चोरून काढणे अशक्यच होते. तिपाई उभी राहायची, समोरचा माणूस ते सगळे पाहायचा आणि मगच कॅमेऱ्यासमोर उभा राहायचा किंवा उठून जायचा. संमतीची वेगळी चौकशी करावी लागत नसे, कॅमेऱ्याचा आकारच ती मिळवून देई.

कॅमेरा छोटा झाला आणि ही आपसूक मिळणारी संमती संपली. छोट्या कॅमेऱ्याच्या स्तुतीत एक वाक्य हमखास येते की लोकांच्या लक्षात येत नाही, म्हणून फोटो नैसर्गिक मिळतात. मला हे कौतुक मान्य नाही. सौदी समाजात फोटोबद्दलचा संकोच खोल आहे. कॅमेरा असलेल्या मोबाइलवरची बंदी तिथे २००४ च्या अखेरीस उठली. २००७ च्या सायबर गुन्ह्यांविरोधी कायद्याच्या तिसऱ्या कलमात कॅमेऱ्याच्या मोबाइलचा किंवा तत्सम साधनाचा गैरवापर करून कुणाच्या खासगी आयुष्यात शिरकाव करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद आणि पाच लाख रियालपर्यंत दंड अशी तरतूद आहे. २०१९ मध्ये पर्यटक व्हिसा सुरू झाला, तेव्हा जाहीर केलेल्या सार्वजनिक वर्तनाच्या नियमांतही विनापरवानगी लोकांचे फोटो काढणे हा गुन्हा धरला आहे. बुरैदा तर देशातल्या अधिक परंपरानिष्ठ शहरांपैकी मानले जाते. तिथे छोटा कॅमेरा लपवण्याच्या कामी येत नाही. तो येतो दुसऱ्याच कामी. तो हातात धरून माणसाशी बोलता येते. डोळ्यांपुढे भलेमोठे भिंग रोखलेले नसते, दोघांच्या नजरा एकमेकांना दिसत असतात, सलाम करून विचारता येते, फोटो पडद्यावर दाखवून नको असेल तर तिथेच पुसता येतो. खोकी वाहणारा कामगार, मग तो केरळचा असो, बांगलादेशचा असो की खेडचा, दिवसभर दुसऱ्यांच्या व्हिडिओत पाठीमागे दिसत असतो. त्याला कुणी थांबून विचारत नाही. ज्या पहिल्या मतात लिहिणारा सांगेल की या कॅमेऱ्याने मला विचारणे सोपे केले, ते मत मी दहा तांत्रिक तक्त्यांपेक्षा वर ठेवीन. छायाचित्रकार सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे जे फोटो काढले, ते त्यांच्यात वावरूनच काढता आले. हे काम कोणत्याही आकाराचा कॅमेरा आपोआप करून देत नाही. पण काही कॅमेरे त्यात आडवे येतात आणि काही येत नाहीत, आणि हा फरक नोंदवण्याजोगा आहे.

यावर पहिला आक्षेप येईल तो मोबाइलचा. खिशात चांगला फोन असताना हा खर्च कशाला? आक्षेप हलका नाही. २०१० मध्ये जपानी कंपन्यांनी १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे पाठवले होते, २०२३ मध्ये ते ८० लाखांच्याही आत आले, आणि ही घसरण फोननेच घडवली. उन्हातल्या थोबाच्या बाबतीत तर फोन अनेकदा पहिल्या फटक्यात कॅमेऱ्याला हरवतो, कारण तो एका क्षणात अनेक फोटो काढून त्यांची सांगड घालतो, चेहरा उजळतो आणि कपड्याची पांढरी चूणही राखतो. पण मोठ्या फोनच्या मुख्य सेन्सरचे क्षेत्रफळ साधारण ७० चौरस मिलिमीटर असते, तर फुजीसारख्या छोट्या कॅमेऱ्यातल्या एपीएस-सी सेन्सरचे सुमारे ३६५. पाचपट जागेवर पडलेला प्रकाश पहाटेच्या अंधुक बाजारात खरा फरक पाडतो : हलणारा हात, पिशवीत पडणारा सुक्करी, दलालाच्या ओठांची हालचाल. त्यापुढचा मुद्दा निर्णयाचा आहे. फोन चेहरा किती उजळायचा ते स्वतः ठरवतो. दुपारच्या उन्हाचा कडकपणा दाखवायचा असेल, कामगाराच्या चेहऱ्यावरची सावली हाच विषय असेल, तर ती सावली पुसून टाकणारे यंत्र मदत करत नाही. ज्याला फक्त घरी व्हॉट्सॲपवर खुशाली कळवायची आहे, त्याने फोनवर समाधान मानावे, आणि हे पहिल्या मतात मोकळेपणाने लिहावे.

व्हॉट्सॲपवरून दुसरा आक्षेप सुचतो, तो फोटो दाखवण्याबद्दलचा. साध्या दर्जाने पाठवलेला फोटो तिथे लांब बाजूला साधारण १६०० पिक्सेलपर्यंत आकसतो. ४० मेगापिक्सेलच्या फोटोतला विसावा भागही मग उरत नाही. मग पाहणाऱ्याला कॅमेऱ्यांतला फरक दिसणार कसा, आणि नाही दिसला तर फोटो दाखवायचेच कशाला? इथे मी फोटोंच्या बाजूने आहे, पण एका अटीवर. दाखवलेल्या फोटोसोबत भिंगाचे छिद्र, शटर, आयएसओ, वेळ, आणि तो कॅमेऱ्याने स्वतः तयार केलेला जेपीईजी आहे की रॉ फाइलवरून नंतर घडवलेला, हे लिहिलेले असावे. आणि बिघडलेले दोन फोटोही असावेत : पट्टे पडलेला एक, थोब जळलेला एक. लहान पडद्यावर तीक्ष्णतेतला फरक दिसत नाही हे खरे, पण जळलेला थोब आणि काळे पट्टे कितीही आकसले तरी दिसतातच.

कुणी म्हणेल, पहिल्या काही दिवसांत कॅमेरा कळतच नाही, मत द्यायचे तर वर्षाने द्यावे. वर्षाने दिलेले मत अधिक भरवशाचे असते, यात शंका नाही. बॅटरी किती टिकते, बटणे सैल होतात का, हे वेळच सांगते. मात्र वर्षभरात माणूस कॅमेऱ्याच्या खोडींना सरावतो आणि त्या त्याला दिसेनाशा होतात. मेन्यूत हवी ती गोष्ट सापडत नाही, घामेजल्या बोटांतून कॅमेरा निसटतो, उन्हात पडदा दिसत नाही, हे नव्या माणसालाच टोचते. त्या टोचण्या ताज्या असताना लिहिल्या जाव्यात.

एकाच शहरावरून कॅमेरा पारखणे अन्यायाचे, हा आक्षेप मला सर्वांत रास्त वाटतो, आणि त्याचे उत्तर बुरैद्याहून घरी परतणाऱ्या कॅमेऱ्यातच आहे. मे महिन्यातल्या चंद्रपुरात किंवा अकोल्यात बुरैद्याचे निम्मे धडे तसेच लागू पडतात. लासलगावच्या कांदा लिलावात तर धूळ, ऊन, पांढरे सदरे आणि टोप्या, बोली असे सगळे जमून येते. पण तोच कॅमेरा जूनमध्ये दापोली-गुहागरला पोचला, की शत्रू बदलतो. कसीमच्या कोरड्या हवेत ज्या भिंगाला कधी बुरशी ठाऊक नव्हती, त्याच्या आतल्या काचांवर कोकणातल्या दोन पावसाळ्यांत कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे तंतू पसरू शकतात. हवेतली आर्द्रता सत्तर टक्क्यांच्या वर राहिली आणि कॅमेरा कपाटात कापडात गुंडाळून ठेवला, तर बुरशीला हवे ते सगळे मिळते. चामड्याची देखणी पिशवी इथे घातक ठरते, घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा आणि अधूनमधून तापवून कोरडी केलेली सिलिका जेल ही स्वस्त सोय पुरते. वातानुकूलित गाडीतून बाहेर काढताच भिंगावर धुके चढणे हा अनुभवही कोरड्या कसीममध्ये सहसा येत नाही, कोकणात रोज येतो. ज्याच्या भिंगाला आणि सांध्यांना पाणी-धूळरोधक रबरी कडा आहेत, असा छोटा कॅमेरा तिथली धूळ आणि इथला पाऊस दोन्ही अधिक सहन करतो. त्या कडा नसलेला कॅमेरा घेतला असेल, तर तो आखातातच वापरून गावी येताना फोन आणणे अधिक बरे. मत लिहिणाऱ्याने आपला कॅमेरा यातल्या कोणत्या हवेत राहणार आहे, हेही लिहावे.